आधी चासी, मग रंग

जुनी पिकअप पुन्हा उभी करायचं वेड चांगलंच आहे. पण धडकेत वाकलेली चासी रंगाखाली झाकून गाडी रस्त्यावर आणणार असाल, तर या वेडाला दुसरं नाव द्यावं लागेल.

तुमच्या फोनवर अशी रील दिवसाला एक तरी येत असणार. पहिल्या तीन सेकंदांत गोठ्याशेजारी उभी असलेली जुनी पिकअप. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटवर वेल चढलेला, काचेवर कोंबड्यांची मेहेरबानी. मग ग्राइंडरच्या ठिणग्या, मागे दणदणीत गाणं, आणि तिसाव्या सेकंदाला तीच गाडी लालभडक रंगात, रुंद टायरवर, ड्रोनच्या कॅमेऱ्यासमोर. खाली कमेंटचा पाऊस. ‘भाऊ, एक नंबर!’ ‘कितीला पडली?’ ‘माझ्या आजोबांची पण अशीच आहे, करू का?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो विचारणारा तुमच्याच वयाचा असतो. त्याच्या घरी खरंच गाडी असते, आणि ती बहुतेक वेळा उगाच उभी राहिलेली नसते. ती कधीतरी कुठेतरी ठोकलेली असते. ठोकल्यावर ‘नंतर बघू’ म्हणून अंगणात लावली आणि ते नंतर कधी आलंच नाही.

त्या तीस सेकंदांच्या रीलमध्ये गाडीखाली झोपून हातात टेप धरलेला माणूस कधीच दिसत नाही. चासी मोजणं कॅमेऱ्यात चांगलं दिसत नाही ना! त्याला ना ठिणग्या, ना रंग. पण गाडी वाचणार की नाही आणि त्या गाडीत बसणारी माणसं वाचणार की नाही, हे तिथेच ठरतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुनी पिकअप वाचवण्यासारखी असेल तर जरूर वाचवा. पण चासीचं माप घेतल्याशिवाय रंग, टायर, सीट यांवर एक रुपयाही घालू नका. आणि माप घेतल्यावर उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ते ऐकायची तयारी ठेवा.

आपल्या पिकअपचा छोटा इतिहास

‘क्लासिक पिकअप’ म्हटलं की डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या फोर्ड आणि शेवरोले येतात. पण आपल्याकडेही या गाड्यांची एक पिढी होऊन गेली. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे जीपच्याच सांगाड्यावर मागे हौदा असलेल्या गाड्या गावोगाव पोचल्या. पुण्याच्या बजाज टेम्पोची मेटाडोर तर इतकी रुळली, की मराठीत मेटाडोर हे गाडीच्या एका प्रकाराचंच नाव झालं. १९८८ मध्ये तेव्हाच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ‘टाटा मोबाइल’ ही पिकअप आणली. तोवर टाटा म्हणजे ट्रक आणि बस. लहान गाड्यांकडे कंपनीचं वळण या पिकअपने सुरू झालं. तिच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९४ मध्ये सुमो आली. ज्या सुमोतून तुमच्या आईवडिलांचं वऱ्हाड गेलं असेल, तिचं मूळ शोधत गेलात तर एका मालवाहू गाडीपाशी पोचाल.

गोंदिया जिल्ह्यात अशा गाड्या काय काय वाहायच्या, हे घरच्या मोठ्यांना विचारा. बांधीवरून घरी आणि घरून मिलवर जाणारे धानाचे कट्टे, तेंदूपत्त्याची पोती, विटा, मंडपाचे बांबू, डीजेचे डबे. काही गाड्यांची कागदपत्रं इतकी जुनी की पत्त्यात जिल्हा भंडारा लिहिलेला सापडेल, कारण गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. अशी गाडी घराच्या इतिहासाचा भाग असते, आणि तिच्यावर जीव जडतो त्यात वावगं काही नाही.

आता बोदलकसाचा विचार करा. तिरोडा तालुक्यातलं हे ठिकाण तुम्हाला सहलीमुळे माहीत असेल. डोंगरांच्या कुशीतला तलाव, भोवती जंगल, पलीकडे नागझिरा. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि या रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांची भर पडली. रस्ते मात्र जंगलाचेच आहेत. अरुंद, वळणावळणाचे, रात्री काळेकुट्ट. कधी रानडुकरांचा कळप आडवा येतो, कधी रोही, कधी बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली. चालक गचकन स्टिअरिंग फिरवतो आणि गाडी जाऊन आदळते मोहाच्या नाहीतर सागाच्या बुंध्यावर. बुंध्याला काही होत नाही. गाडीचा डावा कोपरा आत जातो. लोक जमतात, चालकाला पाणी देतात, कुणाचा तरी ट्रॅक्टर येतो, टोचन करून गाडी घरी आणली जाते. ‘माणूस वाचला, लोखंडाचं काय एवढं?’ असं म्हणून सगळे घरी जातात.

हे वाक्य त्या रात्रीपुरतं अगदी खरं आहे. दुसऱ्या दिवशीपासून मात्र लोखंडाचा विचार करावाच लागतो.

शिडी वाकते कशी

आजच्या बहुतेक कारमध्ये बॉडी हाच सांगाडा असतो. जुन्या पिकअपचं तसं नाही. तिच्या पोटाखाली एक लोखंडी शिडी असते. दोन लांब मेंबर आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, ज्यांना गॅरेजमध्ये क्रॉस मेंबर म्हणतात. इंजिन या शिडीवर बसतं, पाटे तिलाच अडकवलेले असतात, केबिन आणि मागचा हौदा, म्हणजे आपला डाला, हे दोन वेगवेगळे तुकडे तिच्यावरच बोल्टने कसलेले असतात. ही शिडी म्हणजेच चासी. बाकी सगळं तिच्या भरवशावर.

धडक बसली की ही शिडी एकाच पद्धतीने वाकत नाही. पुढचं टोक डावी-उजवीकडे सरकू शकतं. मधला भाग खाली झुकू शकतो. एक मेंबर लांबीने आखडू शकतो. एक मेंबर पुढे आणि दुसरा मागे ढकलला गेला, की आयताचा समांतरभुज चौकोन होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पीळ. ओला टॉवेल पिळावा तशी शिडी पिळली जाते, एक कोपरा वर आणि समोरचा कोपरा खाली. खऱ्या अपघातात यातले दोन-तीन प्रकार एकत्र येतात.

फसगत इथेच होते. मार डाव्या कोपऱ्यावर दिसतो म्हणून सगळे डावा कोपराच बघत बसतात. पण धक्का शिडीतून प्रवास करत मागे जातो आणि जिथे कमजोर जागा सापडेल तिथे आपलं काम करतो. मागच्या क्रॉस मेंबरचा रिवेट ढिला होतो, पाट्याच्या ब्रॅकेटजवळ केसाएवढी चीर पडते, इंजिनचं फाउंडेशन सरकतं.

गाडीखाली जाण्याआधी, उभ्याउभ्या करता येईल अशी एक तपासणी आहे. गाडीपासून दहा पावलं मागे जा आणि केबिन व हौद्यामधली फट बघा. वरपासून खालपर्यंत ती सारखी आहे का? डावीकडे जेवढी, तेवढीच उजवीकडे आहे का? फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर शिडी मध्ये झुकली असण्याची शक्यता मोठी. मग दरवाजे उघडून-लावून पाहा. उचलून लावावा लागणारा दरवाजा काहीतरी सांगत असतो. शेवटी कुणाला तरी ती गाडी सरळ रस्त्यावर हळू चालवायला सांगा आणि तुम्ही मागून पाहा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत न येता कुत्र्यासारखी तिरकी चालत असतील, तर रंगाचा विषय तूर्तास बंद.

इथे घाई करून चासीवर खापर फोडू नका. मागचा एक्सल पाट्यांवर जिथे बसतो, तिथे पाट्यांचा सेंटर बोल्ट असतो. धडकेत तो तुटला तर एक्सल जागचा सरकतो आणि गाडी अगदी अशीच तिरकी चालते. हा दोष चासी वाकण्याच्या मानाने फार स्वस्तात सुटतो. म्हणून आधी सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, बुश बघायचे. नुसत्या नजरेने काढलेला निष्कर्ष महागात पडतो, आणि म्हणूनच माप.

खडू, ओळंबा आणि नववीची भूमिती

चासी मोजायला लेझरची यंत्रं असतात. मोठ्या शहरांतल्या वर्कशॉपमध्ये ती मिळतीलही. पण गाडी तिरोड्याच्या गॅरेजात उभी असेल तरी माप अडत नाही. लागतं काय? सपाट सिमेंटची जमीन, चार मजबूत स्टँड, गवंड्याकडचा ओळंबा, खडू, टेप आणि एक मदतनीस. तो मदतनीस तुम्ही होऊ शकता.

गाडी स्टँडवर समतल उभी करायची. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही, हा नियम इथूनच सुरू होतो. मग चासीच्या दोन्ही मेंबरवर सारख्या जागा निवडायच्या. कंपनीने पाडलेली भोकं, पाट्यांच्या पिना, क्रॉस मेंबरचे रिवेट. डावीकडे जी जागा, उजवीकडे अगदी तीच. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडायचा आणि तो जमिनीवर जिथे टेकेल तिथे खडूने फुली मारायची. आठ-दहा फुल्या झाल्या की गाडी बाजूला ढकला. आता जमिनीवर तुमच्या चासीचा नकाशा उमटलेला असेल.

पुढचं तुम्ही नववीत शिकला आहात. आयताचे कर्ण एकरूप असतात. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत टेप लावा, मग उलट बाजूने. शिडी पुढे निमुळती असेल तरी दोन्ही बाजू सारख्या असल्याने कर्ण सारखेच यायला हवेत. आता समजा एक कर्ण २९२ सेंटिमीटर आला आणि दुसरा २९४. दोन सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. चासीच्या कामात हिशेब मिलिमीटरचा असतो आणि साधारण तीन मिलिमीटरच्या आतबाहेरचा फरक चालतो. वीस मिलिमीटर म्हणजे शिडी बऱ्यापैकी सरकली.

कर्ण एकाच चौकटीपुरते घेऊन थांबू नका. पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग करून प्रत्येकाचे कर्ण वेगळे मोजा, म्हणजे बिघाड नेमका कुठे आहे ते कळतं. डावी-उजवी लांबी मोजा, म्हणजे आखडलेला मेंबर सापडतो. झुकाव आणि पीळ मात्र जमिनीवरच्या फुल्यांत दिसत नाही. त्यासाठी जमिनीपासून प्रत्येक जागेची उंची घ्या, किंवा गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला राहतं, ते खोटं बोलत नाही.

हे सगळं एका वहीत लिहा. तारीख टाका. फोटो काढा. ज्या गाडीच्या रिस्टोरेशनवर घरचे काही लाख घालणार आहेत, तिच्यासाठी एका दिवसाचा हा खटाटोप जास्त आहे का, तुम्हीच सांगा.

सरळ करणं आणि ठोकणं यांत फरक आहे

वाकलेली चासी सरळ होते का? होते, पुष्कळदा. जुन्या पिकअपच्या बाबतीत तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. त्यांची चासी बहुधा साध्या माइल्ड स्टीलची असते आणि हे पोलाद ओढाताण बऱ्यापैकी सहन करतं. आजच्या गाड्यांत वापरलं जाणारं उच्च ताकदीचं पोलाद इतकं समजूतदार नाही. त्याला आच दिली की त्याची मूळ ताकदच जाते.

पण सरळ करायची एक रीत आहे. चासी जमिनीत रोवलेल्या भक्कम आधाराला साखळ्यांनी जखडायची आणि हायड्रॉलिक जॅकने किंवा चेन ब्लॉकने सावकाश ओढायची. ज्या क्रमाने ती वाकली त्याच्या उलट क्रमाने सरळ करायची, म्हणजे शेवटी जे वाकलं ते आधी. आणि ताण सोडला की लोखंड थोडं मागे येतं, म्हणून हव्या त्या जागेच्या किंचित पुढे ओढायचं. विज्ञानवाल्यांनो, तुमच्या पुस्तकातली स्थितिस्थापकतेची मर्यादा हीच. ती ओलांडली की कायमचा वाक. मिस्त्रीला तो आलेख काढता येत नसेल, पण ‘अजून दोन सूत ओढ, परत येते ते’ असं तो म्हणतो तेव्हा तो त्याच आलेखाबद्दल बोलत असतो.

थोडं ओढायचं, थांबायचं, मोजायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा मोजायचं. चांगल्या मिस्त्रीचा अर्धा वेळ टेपवर जातो. जो मिस्त्री न मोजता थेट गॅसची लाल आच लावून घणाने ठोकायला लागतो, त्याच्याकडून गाडी काढून घ्या. साधं पोलाद ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावतं. आच द्यायचीच असेल तर मोजकी, थोड्या जागेत आणि तापमानावर नजर ठेवून, आणि नंतर आपोआप थंड होऊ द्यायची. वर बादलीभर पाणी ओतायचं नाही.

चीर पडली असेल तर नुसती वरून वेल्डिंग फिरवून भागत नाही. चिरेचं टोक शोधून तिथे छोटं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर खोलवर घासून वेल्ड भरायचा. वरून पट्टी लावायची तर तिची टोकं निमुळती हवीत. चौकोनी पट्टीची उभी कड मेंबरवर आडवा वेल्ड टाकते, आणि पुढची चीर नेमकी त्या रेषेवर पडते. गंजून पापुद्रे सुटलेल्या मेंबरवर पट्टी लावणं तर फाटक्या कागदावर ठिगळ लावण्यासारखं. ठिगळ टिकतं, कागद फाटतो.

आणि मध्ये चुणी पडलेला मेंबर, म्हणजे पत्रा नुसता वाकलेला नाही तर घडी पडून मुडपलेला आहे, तो सरळ दिसायला लागला तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. तो भाग बदलायलाच हवा. नाहीतर गाडी थांबवायची.

‘चालते ना!’

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे दुरुस्तीची कसोटी एकच शब्द आहे. ‘चालते ना?’ इंजिन सुरू होतं, गिअर पडतात, ब्रेक लागतो, मग झालं. वाकलेली चासीही चालते. महिनोन्‌महिने चालते. टायर एका बाजूने झिजतात, तर टायर बदलतो. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, तर चालकाला सवय होते. ब्रेक दाबला की मागचा भाग किंचित बाजूला जातो, तर ‘तिची खोडच आहे ती’ म्हणून लाडाने सांगितलं जातं.

पण ही गाडी रिकामी कधी फिरते? रोवणीच्या दिवसांत पहाटे तिच्या डाल्यात बाया उभ्या असतात, पंधरा, वीस, कधी त्याहूनही जास्त. लग्नसराईत अख्खं वऱ्हाड असतं. मालवाहू गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच थांबत नाही. अशा फुकट प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे ओल्या रस्त्यावर, वळणावर, अचानक ब्रेक लागला आणि त्या ‘खोडी’ने गाडी आडवी केली, तर डाल्यातल्या बाईच्या घरच्यांना कुणाकडे बघायचं?

तिला चासीचा कर्ण माहीत नसतो. ती नवा लाल रंग बघते आणि चढते. म्हणून वाकलेली चासी झाकणारा रंग मला नुसता खोटेपणा वाटत नाही. ज्याला तपासता येत नाही त्याच्या जिवावर केलेला तो व्यवहार आहे.

मग भंगारातच का देऊ नये?

हा प्रश्न तुमच्यातले अनेक जण विचारतील आणि तो योग्य आहे. जुनं डिझेल इंजिन धूर ओकतं. भारत स्टेज-६ चे प्रदूषण नियम एप्रिल २०२० पासून लागू आहेत, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं इंजिन त्यांच्या जवळपासही जाणार नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही. सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये भंगार धोरण जाहीर केलं. नोंदणीकृत केंद्रात जुनी गाडी मोडीत काढली तर नव्या गाडीच्या करात मालवाहू वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत आणि खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केली. मग एवढा आटापिटा कशाला?

माझं उत्तर असं. रोज मिलवर धान वाहायचं असेल, तर भंगारवाल्यांचं बरोबर आहे. रोजच्या कष्टाच्या कामाला पस्तीस वर्षांची, एकदा वाकून सरळ केलेली चासी लावू नये. भावना बाजूला ठेवा. पण महिन्यातून दोनदा फिरणारी, घराची आठवण म्हणून जपलेली गाडी असेल तर तिचा धूर आणि तिची धाव दोन्ही मोजकीच. अशी गाडी नीट दुरुस्त करून ठेवणं हे कौशल्य आणि इतिहास दोन्ही जपणं आहे.

अडचण अशी, की आपल्या नियमांत या मधल्या गाड्यांना स्वतःची जागा नाही. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी केंद्राने वेगळे नियम केले, पण त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९८८ ची पिकअप त्यात बसायला २०३८ उजाडेल. दुसरीकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी ते शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांत गाडी ना नवी, ना वारसा. मला वाटतं, या मधल्या टप्प्यासाठी वर्षाला मोजकेच किलोमीटर आणि सक्तीची चासी तपासणी अशा अटींवर वेगळी नोंदणी असायला हवी. जपणाऱ्याला वाट मिळेल आणि झाकणाऱ्याची पंचाईत होईल.

विम्याचंही ऐकून ठेवा. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि जुन्या गाडीची ती फारच कमी असते. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. वर दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे चासीच्या कामाचा बहुतेक खर्च खिशातूनच येणार, हे धरून चाला. आणि पैसे वाचवायला भंगारातून दुसऱ्या गाडीची चासी आणून परस्पर बसवू नका. चासी नंबर ही कायद्याच्या नजरेत गाडीची ओळख. लोखंड एका गाडीचं आणि कागद दुसऱ्या गाडीचे, असं झालं की तुम्ही जपलेली आठवण पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडेल. असं काही करण्याआधी आरटीओत विचारा, लेखी विचारा.

मिस्त्रीला वही द्या

शेवटचा मुद्दा तुमच्या करिअरशी जोडलेला आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, वेल्डरचा आहे, ऑटो बॉडी रिपेअरचाही ट्रेड आहे. तरी ‘डेंटिंगवाला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांत कौतुक येत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलाला पोलादाचा आलेख येतो, पण हातात चेन ब्लॉक धरलेला नसतो. मिस्त्रीला ओढ कळते, पण तो माप लिहून ठेवत नाही. काम चांगलं झालं तरी पुरावा उरत नाही, आणि वाईट झालं तरी उरत नाही. त्यामुळे चांगला मिस्त्री आणि ठोकाठोकी करणारा, दोघांचा दर सारखाच राहतो.

इथे तुम्ही कामाला या. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच ते मॉडेल करण्यापेक्षा एखाद्या गॅरेजात जाऊन एका चासीचा आधीचा आणि नंतरचा नकाशा काढा. मिस्त्रीकाकांकडून ओढायचा क्रम शिका आणि त्यांना मापाची वही लावून द्या. शिक्षण अर्धवट राहिलेल्या कारागिरांच्या हातातल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. त्या योजनेचा फॉर्म भरायला त्यांना तुमचा फोन आणि तुमचा एक तास लागेल. ज्या गॅरेजात मापाचा कागद मिळतो तिथेच गाडी द्यायची, असं चार गिऱ्हाइकांनी ठरवलं, तर बाकीची गॅरेजंही वही विकत घेतील.

आणि घरी गोठ्याशेजारी ती गाडी उभी असेलच, तर येत्या सुट्टीत तिच्याकडे जा. ग्राइंडर नको, कॅमेराही नको. ओळंबा, खडू आणि टेप घेऊन जा. काळा द्यायचा की लाल, हे आपण नंतर सावकाश ठरवू. आधी सांगा, दोन्ही कर्ण किती आले?